मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती आणि घरातून निघायचं कधी

मुलगी एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी साताऱ्याहून गेले तेव्हा घरच्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती तास लागतात हो?" मी ठोकून दिलं, "सोळा." प्रत्यक्षात आमच्या दारातून निघून तिच्या दारात पोचायला तीस तास लागले. त्यानंतर पाच वेळा जाऊन आले. दर वेळी गल्लीतलं कुणी ना कुणी तिकिटाचा कागद घेऊन येतं आणि त्याच शंका विचारतं. मी शाळेत भूगोल शिकवत होते, त्यामुळे उत्तर देताना हात आपोआप पृथ्वीगोलाकडे जातो. इथेही सुरुवात तिथूनच करते, कारण अंतर नीट कळलं की पुढचा हिशोब सोपा जातो.

१. अंतर नकाशावर मोजू नका, पृथ्वीगोलावर मोजा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं की रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, सहारा, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडते. या रेघेवरून गेलात तर अंतर भरेल सुमारे १४,२०० किलोमीटर.

आता नातवंडांच्या कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढा. दुकानात मिळणारा नेहमीचा बारा इंच व्यासाचा असला तर बरोबर ३० सेंटिमीटर दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून दोरा ताणून धरा. तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकेल. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग मॉस्कोच्या आसपास, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या जरा खालून लॅब्राडोर आणि तिथून न्यूयॉर्क. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावरच्या रेघेपेक्षा १,७०० किलोमीटरने कमी, म्हणजे जवळजवळ दोन तासांची बचत. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. दहावीच्या मुलांना हा दोरा दाखवला की वर्गात एकदम गलका व्हायचा.

विमानात समोरच्या पडद्यावर आपलं विमान भलत्याच दिशेला, युरोपच्या वरून जाताना दिसलं की पहिल्यांदा जाणारी माणसं घाबरतात. घाबरू नका, जवळची वाट तीच आहे.

इथला सापळा मैलांचा. काही संकेतस्थळं साधे मैल दाखवतात, काही सागरी मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. त्यामुळे हेच अंतर एका ठिकाणी सुमारे ७,८०० दिसेल आणि दुसरीकडे ६,७७० च्या आसपास. दोन्ही बरोबरच आहेत. आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते आधी बघा.

२. अंतराला वेगाने भागून थांबू नका

मोठं प्रवासी विमान उंचीवर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं. १२,५०० भागिले ९०० म्हणजे चौदा तासांच्या आत काम व्हायला हवं. पण तिकिटावर साडेपंधरा, सोळा, कधी त्याहून जास्त तास दिसतात. याची कारणं तीन आहेत.

पहिलं, तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरताना आकाशात घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

दुसरं कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो आणखी जोर धरतो. अमेरिकेला जाताना तो नाकासमोर असतो आणि परत येताना पाठीशी, म्हणून जायचा प्रवास यायच्या प्रवासाहून तास-दीड तास जास्तीचा असतो. तिकिटात चूक झाली असं समजून एजंटला फोन करू नका.

तिसरं कारण बातम्यांमधून कळतं. दोरा ज्या देशांवरून जातो त्यांनी आपलं आकाश उघडं ठेवलं पाहिजे. फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानने ते बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद केलं. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं वळसा पडल्यामुळे इंधन भरायला व्हिएन्नाला उतरत होती. रशियाने २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपल्या आकाशातून मज्जाव केला आहे. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी जातात आणि तासही वेगळे लागतात. शेजारणीला गेल्या वर्षी किती तास लागले हे विचारून उपयोग नाही. ज्या कंपनीचं, ज्या महिन्याचं तिकीट काढताय त्याचाच वेळ बघा.

३. तिकिटावरच्या दोन वेळांमधून खरे तास काढायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावर सुटण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची. भारत न्यूयॉर्कच्या पुढे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपल्याकडे असा प्रकार नाही, म्हणून हा फरक बदलतो.

नियम असा: जाताना फरक मिळवायचा, येताना वजा करायचा.

उदाहरण घेऊ. समजा जून महिना आहे. विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ८:०० ला पोचतं. कागदावर दिसतात साडेसहा तास. त्यात साडेनऊ मिळवा, झाले सोळा. परतताना न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी ११:४५ ला पोचलात तर दिसतात सव्वाचोवीस तास. त्यातून साडेनऊ वजा केले की पावणेपंधरा.

मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे अमेरिकेच्या दिवशी नाही. मधले काही आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक नेहमीपेक्षा एका तासाने वेगळा असतो. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जाणार असाल तर पाठ केलेला फरक वापरू नका, त्या तारखेचा काढा.

४. तारखेचा सापळा

अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१४ तारीख, ०१:३०" असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ १३ तारखेची संध्याकाळ विमानतळाच्या वाटेवर आणि १३ ची रात्र विमानतळावर. आमच्या नात्यातलं एक जोडपं १४ च्या संध्याकाळी बॅगा घेऊन, देवाला नारळ ठेवून निघालं. विमान त्याच दिवशी पहाटे गेलेलं होतं. दोन तिकिटांचे पैसे बुडाले आणि त्या माउलीने महिनाभर स्वतःलाच दोष दिला.

तिकीट हातात आलं की लगेच कॅलेंडरवर, कालनिर्णय असेल तर त्यावर, १३ च्या चौकोनात लाल पेनने लिहा: "आज निघायचं." १४ च्या चौकोनात काहीही लिहू नका.

५. थेट विमान की मध्ये थांबा?

मध्ये उतरून गेलं की खूप वळसा पडतो, असं वाटतं. दोऱ्याने मोजा. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, तिथून न्यूयॉर्क ५,५४०. एकूण १२,७४०, म्हणजे थेट वाटेहून जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे सुमारे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे १२,९३० च्या घरात. वळसा अर्ध्या तासाचाच आहे. बाकीचा वेळ खातो तो मधला मुक्काम. दुबईमार्गे दोन उड्डाणांचे मिळून सतरा-साडेसतरा तास आणि मधले तीन-चार, असा एकवीस तासांचा हिशोब धरा.

याउलट सिंगापूरमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर दोरा लावून बघा. सिंगापूर ते न्यूयॉर्क एकट्याचंच अंतर १५,३०० किलोमीटरहून जास्त आहे, जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांपैकी ते एक. शिवाय त्याआधी तुम्ही उलट्या दिशेला जाणार.

माझं मत विचाराल तर गुडघे दुखणाऱ्यांनी, मधुमेह असणाऱ्यांनी आणि पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. इंग्रजीची आणि अनोळखी विमानतळाची धास्ती असेल तर थेट विमान घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. पाय सुजतात, फार वेळ बसवत नाही, अशांना मधला थांबा बरा पडतो, कारण दोन तुकड्यांत प्रवास होतो. आमच्या ह्यांना थांबाच मानवतो. मला मात्र एकदा बसले की उतरेपर्यंत कुणी उठवू नये असं वाटतं.

थांबा घेणार असाल तर तीन ते चार तासांचा घ्या. दोन तासांहून कमी असलेला अजिबात घेऊ नका. पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की पुढची सगळी धावपळ तुमच्या वयाला झेपणारी नसते.

या पायरीतले सापळे असे:

- दोन वेगवेगळी तिकिटं काढून स्वस्तात भागवू नका. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर हवा. नाहीतर मध्ये बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर ती जबाबदारी कुणाचीच नसते.
- मधल्या देशात ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की बऱ्याच ठिकाणी सूट असते, पण गृहीत धरू नका.
- अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. सोय चांगली आहे, पण तिथला थांबा थोडा मोठा ठेवा.
- न्यूयॉर्कहून पुढे दुसरं विमान असेल, समजा डॅलसचं, तर इमिग्रेशन आणि बॅगा दोन्ही न्यूयॉर्कलाच. बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यायची असते. "बॅग थेट डॅलसला मिळेल" असं ऐकून पुढे निघून जाऊ नका.

६. विमानतळ कोणता, हे तीन अक्षरांवरून बघा

न्यूयॉर्कच्या आसपास मोठे विमानतळ तीन. त्यातले आपल्या कामाचे दोन: जेएफके आणि न्यूअर्क. न्यूअर्क खरं तर न्यू जर्सीत आहे आणि एडिसन, जर्सी सिटी या आपल्या माणसांच्या वस्त्यांना जवळ पडतं. पहिल्या वेळी तिकीट थोडं स्वस्त म्हणून आम्ही जेएफकेला उतरलो. तिथून अख्खं शहर ओलांडून एडिसनला जाताना जावयाची अर्धी सुट्टी वाहतुकीत गेली. मुलांना आधी विचारा, त्यांना कुठून आणणं सोपं आहे.

मुंबईकडेही आता हेच बघावं लागतं. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाची अक्षरं बीओएम. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाची एनएमआय. नागपूर, गोवा किंवा आणखी कुठून देशांतर्गत विमानाने येऊन पुढे जाणार असाल तर दोन्ही तिकिटांवर एकच विमानतळ आहे ना, हे दोनदा तपासा. एका विमानतळावरून दुसऱ्यावर रस्त्याने जायला किती वेळ लागेल, हे मुंबईच्या गर्दीला विचारून ठरतं.

७. घर ते घर असा हिशोब मांडा

आमचा हिशोब वहीत असा लिहिलेला आहे. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदला.

दुपारी ३:०० ला सातारा सोडायचं. खंबाटकी, पुण्याचा वळणरस्ता, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट आणि शेवटी मुंबईतली वाहतूक, अशी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. पाच-साडेपाच तासांत होते, पण मी सात धरते. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की दोन तास कुठे जातात कळत नाही, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. रात्री १०:०० ला विमानतळावर, म्हणजे सुटण्याच्या साडेतीन तास आधी. बॅगा घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, नेमकी वेळ कंपनीच्या सूचनेत असते. विमान १:३० ला, सोळा तास. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांना दोन तास. गाडीने घरी दीड तास.

सात, साडेतीन, सोळा, दोन, दीड. बेरीज तीस. सोळा तास हवेत, चौदा जमिनीवर. थकवा येतो तो या चौदा तासांचा, म्हणून जायच्या दिवशी सकाळपासून पाहुणे, ओटी भरणं, पुरणपोळी असा घाट घालू नका. ते आदल्या दिवशी उरका आणि त्या दुपारी दोन तास झोपा.

व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या विमानतळावर चालणं एक-दीड किलोमीटर सहज होतं.

८. हातातल्या पिशवीत काय हवं

विमानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेत यातलं काहीही ठेवू नका:

- पासपोर्ट, निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही.
- तिकिटाची छापील प्रत. मुंबईत दारावरच सुरक्षारक्षक बघतात, आणि मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो.
- मुलीचा किंवा मुलाचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर, कागदावर इंग्रजीत लिहिलेला.
- परतीचं तिकीट आणि प्रवास विम्याची प्रत.
- संपूर्ण प्रवासाला पुरून चार दिवस उरतील एवढी औषधं, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव असू द्या.
- एक स्वेटर, मोजे, वाचायचा चष्मा, पेन.

९. विमानातले सोळा तास

विमानाच्या आतल्या हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून उंच जागी तुम्ही सोळा तास बसणार आहात, आणि तिथली हवा कोरडी. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना हे सांगून विचारा. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकाच्या जागेपर्यंत फेरी मारा. कडेची सीट मागून घ्या. खिडकीची हौस पुढच्या वेळी.

गोळ्यांच्या वेळा आधी ठरवा. भारतात सकाळी आठला घेता ती गोळी चोवीस तासांच्या हिशोबाने उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्री साडेदहाला येते. ती हळूहळू सरकवायची की थेट तिथल्या सकाळी घ्यायची, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांकडून तासांचा तक्ताच लिहून घ्यावा.

डिसेंबरात जाणार असाल तर मन तयार ठेवा. मुंबईत संध्याकाळी सहाला मावळलेला सूर्य न्यूयॉर्कला सकाळी सव्वासातच्या सुमारास उगवतो, आणि त्या दोहोंमध्ये जवळजवळ चोवीस तासांचा अंधार असतो. माझ्या दुसऱ्या फेरीत मी चार वेळा खिडकीची झडप उघडून पाहिली, चारही वेळा रात्रच होती. तेव्हा उजाडायची वाट बघत जागं राहू नका. जेवण झालं की झोपा.

१०. पोचल्यावर आणि परतताना

इमिग्रेशनला विचारतील: कुणाकडे आलात, किती दिवस, काय करणार. खरं आणि थोडक्यात सांगा. दुभाषा हवा असेल तर "मराठी" किंवा "हिंदी" म्हणा. किती तारखेपर्यंत राहायची परवानगी मिळाली ते नंतर मुलांकडून आय-९४ च्या संकेतस्थळावर बघून घ्या. व्हिसाची मुदत आणि राहायची मुदत वेगळी असते.

पहिल्या दिवशी दुपारी कितीही डोळे मिटले तरी तिथली रात्र होईपर्यंत उन्हात फिरा. शरीर रोज साधारण एखादा तास जुळवून घेतं, त्यामुळे आठ-दहा दिवस रात्री तीनला जाग येणारच. बाळंतपणाला जाणाऱ्या आयांनी म्हणूनच तारखेच्या निदान दोन आठवडे आधी पोचावं. मी चार दिवस आधी पोचले होते, आणि मुलीला कळा सुरू झाल्या तेव्हा मला धड उभं राहवत नव्हतं.

परतीचा प्रवास तासांनी कमी, पण पूर्वेकडे येताना शरीराला जास्त जड जातो. मुंबईत दुपारी उतरलात तर गावाकडे लगेच गाडी पळवू नका. ड्रायव्हर ताजातवाना असेल तरच निघा, नाहीतर पुण्यात किंवा मुंबईत नातेवाइकांकडे एक रात्र काढा. सकाळच्या पहिल्या चहानंतर निघा आणि पोचलात की मुलांना फोन करा. तिकडे तेव्हा रात्र असेल, तरी ती जागीच असतात.